चिंचपोकळी ते व्हिएन्ना

जुने सरकारी अहवाल वाचण्याचं खूळ मला कॉलेजपासून आहे, आणि त्यातही प्लेगच्या अहवालांचं. रँड, चापेकर, गणेशखिंड हे आपल्याला शाळेपासून पाठ. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी रोग ओळखला, हेही बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. मुंढव्याहून गायकवाडांच्या आजारी पोराला पाठीवर घालून हडपसरच्या दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या, ते तर मी सांगायला नकोच. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतही 1905 मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले. हे मात्र भल्याभल्यांना ठाऊक नसतं.

पण मला बरीच वर्षं छळतेय ती वेगळीच गोष्ट. सावित्रीबाई गेल्या त्याच मार्चात मुंबईत चिंचपोकळीच्या आर्थर रोड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, व्हिएन्नाच्या शास्त्र-अकादमीने पाठवलेले काही तरुण डॉक्टर काम करत होते. हॉस्पिटल डॉ. नसरवानजी चोक्सी यांच्या हाताखाली. काही महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरअखेरीस, याच इमारतीवर हजारभर गिरणी कामगार चालून आले होते. आत नेलेलं माणूस परत येत नाही, अशी बोलवा होती. आणि आत मरणारांचं प्रमाण पाहिलं, तर लोकांना मूर्ख ठरवणं अवघड जातं.

पाहुण्यांपैकी अल्ब्रेख्त आणि गोन शवविच्छेदनं करायचे. हा गोन म्हणजे क्षयाच्या ‘गोन फोकस’वाला, डॉक्टर वाचकांना लगेच आठवेल. हेरमान फ्रान्झ म्युलर खाटांपाशी असायचा. त्याची रुग्णांची निरीक्षणं पुढे अकादमीच्या जाडजूड ग्रंथात छापली गेली. चौथा रुडॉल्फ प्योख. याच सुमारास मुंबईत डॉ. चाइल्ड यांच्या ध्यानात आलं की काहींना गाठ येतच नाही, रोग सरळ फुफ्फुसात उतरतो आणि खोकल्यातून पसरतो. शुश्रूषा करणाराच्या दृष्टीने हा प्रकार सगळ्यात वाईट. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक डॉ. मॅन्सर जानेवारी 1897 मध्ये प्लेगने गेले, आणि त्याच दिवसांत जॉइस नावाची एक परिचारिकाही.

ऑस्ट्रियन मंडळी धडधाकट घरी पोचली. सोबत मुंबईच्या प्लेगचे जंतू नेले.

व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात त्या जंतूंवर प्रयोग सुरू झाले. टोचलेल्या प्राण्यांची निगा, पिंजऱ्यांची साफसफाई हे फ्रान्झ बारिश नावाच्या नोकराकडे. ऑक्टोबर 1898 मध्ये तो तापाने पडला, खोकू लागला. म्युलरने त्याची जबाबदारी घेतली. मुंबईत त्याने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. खोकणाऱ्या माणसाजवळ बसणं म्हणजे काय, हे व्हिएन्नात त्याच्याइतकं फार थोड्यांना कळत असेल. तरी तो बसला. 18 ऑक्टोबरला बारिश गेला. मग म्युलरलाच ताप भरला. निदान त्याने स्वतःच केलं आणि सहकाऱ्यांना लांब ठेवलं. खोलीच्या काचेवर त्याने निरोप लावला होता, अशी एक कथा सांगतात. खरी असो वा रचलेली, त्याच्या स्वभावाला शोभते. त्याच्याजवळ जायला तयार झाला तो मुंबईचा सोबती प्योख. 23 तारखेला म्युलर गेला. तिशीतला माणूस. बारिशची शुश्रूषा केलेली परिचारिका अल्बिने पेखा 30 तारखेला गेली. साथ तिथेच अडली, तीन जीव घेऊन.

शहरात अर्थातच गहजब झाला. प्रयोगशाळा म्हणजे गावाच्या मध्यावर ठेवलेलं विष, असा सूर लागला. ज्यूद्वेष्ट्या पत्रांना तर डॉक्टरांवर तुटून पडायला आयतंच निमित्त मिळालं. मला रस आहे तो बारिशवर झालेल्या निवाड्यात. तो दारू प्यायचा, निष्काळजी होता, नियम पाळत नव्हता, असं ठरलं. असेलही. पण ज्याला दिवसभर प्लेग झालेल्या प्राण्यांचे पिंजरे साफ करायला लावलं, त्याच्या रक्षणाची व्यवस्था काय होती, हा प्रश्न त्याच्या बाटलीइतका चर्चेत आला नाही. म्युलरचं स्मारक हॉस्पिटलच्या आवारात उभं राहिलं. ते त्याने कमावलेलं होतं. माझी तक्रार त्याच्याविषयी नाही. पेखाबाईंचं नाव निदान नोंदलं तरी गेलं. बारिशच्या वाट्याला मात्र फक्त दोष आला.

आणि इथे मी पुन्हा मुंबईच्या कागदांकडे वळतो, कारण तिथे बारिश शेकड्यांनी होते. आर्थर रोडच्या खाटा उचलणारे, घाण काढणारे, प्रेतं हलवणारे. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या अहवालात हलालखोरांचा, म्हणजे शहराचा मैला उचलणाऱ्या नोकरांचा, उल्लेख आहे, तोही भीतीपोटी. रुग्णांना सक्तीने हॉस्पिटलात हलवण्याचा हुकूम त्यांनी ऑक्टोबर 1896 च्या सुरुवातीला काढला आणि महिनाअखेरीस ढिला केला. दंग्याची धास्ती होतीच; पण हलालखोर शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हेही साहेबांनी ओळखलं होतं. स्टेशनं आणि बंदरं माणसांनी भरून वाहत होती, लाखो लोक गावाकडे निघाले होते, आणि ज्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त घोर त्यांनीच थांबायचं होतं.

बरेच थांबले. म्हणून तर हॉस्पिटल चालू राहिलं, आणि 1897 च्या वसंतात व्हिएन्नाहून आलेल्यांना तिथे काम करता आलं. म्युलर खाटेपाशी वाकून टिपणं काढत असताना त्या रुग्णाखालची चादर बदलणारा, ओकारीचं भांडं उचलणारा कुणीतरी त्याच्या शेजारी उभा असणारच. त्यातल्या एखाद्याने मुंबईतच खोकल्याचा प्लेग अंगावर घेतला असेल, तर त्याची गणती ‘रुग्ण’ या रकान्यात झाली असणार, ‘कर्मचारी’ या नाही.