बंद खाणीचे आंबट पाणी

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करावयास लागणारे कथील आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा प्रांत आहे. तेथे हे कथील कित्येक शतके जमिनीखालून काढले जात असे. त्या प्रांतातील ट्रुरो शहराजवळच्या एका खाणीचे नाव 'व्हील जेन'. १९८५ साली जगाच्या बाजारात कथिलाचा भाव एकाएकी कोसळला. त्या धक्क्यातून ही खाण पुन्हा सावरली नाही आणि मार्च १९९१ मध्ये तिचे पंप बंद करण्यात आले. तोट्यात चालणारा एक धंदा मिटला, एवढाच त्याचा अर्थ असता तर तिच्याविषयी येथे लिहावयाचे कारण नव्हते.

कोणतीही खोल खाण म्हणजे एक प्रचंड विहीरच होय. सभोवतालच्या खडकांतून पाणी तिच्यात सतत झिरपत असते, आणि ते रात्रंदिवस उपसत राहावे तेव्हाच तळाशी मजुरांना काम करता येते. उपसा थांबला की पाणी चढू लागते. व्हील जेनचे पाणी आठ महिने चढत होते. नोव्हेंबर १९९१ मध्ये ते डोंगराच्या कुशीतील एका जुन्या बोगद्याच्या तोंडाशी येऊन पोहोचले.

विहिरीचे पाणी भरून आले तर त्यात भिण्यासारखे काय, असे कोणीही विचारील. भीती पाण्याची नव्हती, ते ज्या खडकांतून वर आले त्या खडकांची होती. धातूंच्या खडकांत पायराइट नावाचे पिवळे, चकचकीत खनिज पुष्कळदा आढळते. ते पाहून सोन्याचा भास होतो व माणसे फसतात, म्हणून इंग्रजीत त्यास 'मूर्खांचे सोने' असे थट्टेचे नाव पडले आहे. लोखंड आणि गंधक यांचे ते संयुग होय. जमिनीच्या पोटात, हवेपासून दूर, ते युगानुयुगे निमूट पडून असते. मनुष्य बोगदे खणतो, खडक फोडतो, पाणी उपसतो आणि त्याबरोबर हवा आत शिरते. मग ओलसर पायराइटाशी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन गंधकाम्ल, म्हणजे गंधकाचा तेजाब, तयार होऊ लागतो. हे काम एरवी अगदी संथपणे चालावयाचे. परंतु त्यास सूक्ष्म जंतूंचा हातभार लागतो. लोहावर जगणारे व आम्लातच सुखाने नांदणारे असे जंतू अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणींच्या पाण्यात आढळले, व १९४७ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. ह्या क्रियेतील सर्वांत मंद टप्पा त्यांच्यामुळे लाखो पटींनी जलद होतो, असे पुढील संशोधकांनी दाखविले.

तेजाब तयार झाला की तो खडकातील इतर धातूही विरघळवितो. तांबे, जस्त, कॅडमियम, अर्सेनिक अशी सारी विषे पाण्यात उतरतात. खाण कोरडी असताना हे क्षार बोगद्यांच्या भिंतींवर थरावर थर साचत जातात आणि पाणी प्रथमच वर चढते तेव्हा एकदम धुऊन निघतात. म्हणून बंद खाणीचे पहिले पाणी सर्वांत वाईट असते. पाण्याचा आंबटपणा 'पीएच' नावाच्या मापाने मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा ७. आकडा एकाने उतरला की आंबटपणा दहापट वाढतो. व्हील जेनच्या पाण्याचा आकडा ३ च्या आसपास होता. हा आंबटपणा साधारण व्हिनेगरइतका; पण व्हिनेगरात जस्त आणि कॅडमियम नसतात.

आरंभी ह्या पाण्यात चुना मिसळून ते खाणीच्या जुन्या गाळाच्या तलावात सोडण्याचा तात्पुरता उपाय करण्यात आला. जानेवारी १९९२ च्या पहिल्या आठवड्यात हे काम थांबवावे लागले. आत पाणी वाढतच होते. १३ जानेवारी १९९२ रोजी नॅन्गाइल्स नावाच्या शेजारच्या जुन्या बोगद्याचे बूच निसटले आणि साडेचार ते पाच कोटी लिटर पाणी कार्नन नदीत कोसळले. नदी नारिंगी झाली, तिच्या मुखाची रेस्ट्राँगेट खाडी नारिंगी झाली आणि तो रंग फाल नदीच्या विस्तीर्ण मुखात दूरवर पसरला. त्याची चित्रे देशभर प्रसिद्ध झाली. एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. ह्या खाडीत खाणींचे दूषित पाणी शतकानुशतके येतच होते. इतके, की तिच्या चिखलातील एका जातीच्या किड्यांना तांब्याचे विष पचविण्याची सवय झाल्याचे शास्त्रज्ञांनी १९७१ सालीच नोंदविले होते. नवी घटना एवढीच, की जे हळूहळू होत असे ते एका दिवसात सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले.

आता खर्च कोणी करावयाचा? येथे कायदा आडवा आला. सोडून दिलेल्या खाणीतून पाणी वाहू दिल्याबद्दल तिच्या मालकास दोषी धरता येऊ नये, अशी सवलत त्या देशाच्या कायद्यात होती. खाणीतून कथील निघाले तोवर ते मालकाचे होते. पाणी निघाले ते मात्र सर्व जनतेच्या गळ्यात पडले. सरकारी नदीसंरक्षण खात्याने काम हाती घेतले आणि करदात्यांनी पैसा दिला. ही सवलत १९९५ च्या कायद्याने काढून घेण्यात आली, तीही ३१ डिसेंबर १९९९ नंतर सोडलेल्या खाणींपुरतीच. शिवाय यापुढे खाण सोडावयाची असेल तर सहा महिने आधी कळविण्याचे बंधन घालण्यात आले. सहा महिन्यांची ती सूचना मला मोठी शहाणपणाची वाटते, कारण पंप चालू असेपर्यंतच काही योजता येते.

उपायाचे मर्म मात्र आपल्या घरचेच आहे. ते म्हणजे चुना. आम्लात चुना मिसळला की आंबटपणा मरतो, आणि आंबटपणा गेला की विरघळलेले धातू पाण्यात राहू शकत नाहीत. ते साक्याच्या रूपाने खाली बसतात. प्रत्येकाची वेळ निराळी. आंबटपणा थोडा उतरताच गंजलेले लोह प्रथम बाहेर पडते, मग ॲल्युमिनियम. जस्त मात्र हट्टी, त्यासाठी पीएचचा आकडा ९ च्या घरात न्यावा लागतो. व्हील जेन येथे २००० साली कायमचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. तेथे पाणी वर उपसून त्यात विरलेला चुना कालवितात, हवा घुसळतात आणि पावसाळ्यातील गढूळ पाण्यावर आपण तुरटी फिरवितो त्याप्रमाणे बारीक कण एकत्र आणणारे द्रव्य घालतात. निवळ पाणी नदीत जाते. खाली बसलेल्या साक्याचा काही भाग पुन्हा आरंभीच्या टाकीत आणून नव्या चुन्यात मिसळतात. ही युक्ती साधी पण फार मोलाची आहे. नुसत्या चुन्याने येणारा साका फुगीर, पाणचट असतो. जुन्या कणांवर नवे थर चढले की तो घट्ट व जड होतो आणि त्यास जागा थोडी लागते. जागेचा प्रश्न क्षुल्लक नाही. पाणी शुद्ध झाले तरी विष कोठे गेले? ते साक्यात आहे, आणि तो साका व्हील जेनच्या जुन्या गाळाच्या तलावातच वर्षानुवर्षे साचत आला आहे.

यंत्रांवाचून हे काम व्हावे म्हणून १९९४ साली तेथे एक प्रयोगही झाला. बोरू आणि पाणकणीस यांसारख्या वनस्पतींच्या उथळ तळ्यांतून पाणी संथपणे वाहू दिले म्हणजे त्यातील लोह तेथेच बसते. पुढे हवा न शिरणाऱ्या, कुजक्या पाल्याच्या खड्ड्यात दुसऱ्या प्रकारचे जंतू गंधक व धातू यांची पुन्हा गाठ घालून देतात. शेवटी दगडगोट्यांच्या गाळणीत मँगनीज अडते. प्रयोगाने पुष्कळ ज्ञान मिळाले. पण खाणीचे सारे पाणी असे निवळावयाचे तर त्यास लागणारी जमीन त्या दरीत मिळण्यासारखी नव्हती. जेथे पाणी थोडे व जागा मोकळी, तेथे ही रीत फार स्वस्त पडते.

हे किती काळ करीत राहावयाचे, ह्याचे उत्तर कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन ह्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीत पाहावे. तेथील थेंबांत पीएचचा आकडा शून्याच्याही खाली, उणे ३.६ पर्यंत, मोजला गेला आहे. त्या डोंगरातील पायराइट संपावयास हजारो वर्षे लागतील असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे. म्हणून नव्या खाणींत आधीच काळजी घेतात: पायराइटाचा टाकाऊ दगड निराळा काढून तो मातीच्या घट्ट थराखाली किंवा पाण्याखाली ठेवावयाचा, त्यात चुनखडी मिसळावयाची आणि पावसाचे पाणी चर खणून बाहेरच्या बाहेर वळवावयाचे.

गोव्यातील वाचकांस पावसाळ्यात खाणींवरून येणाऱ्या तांबड्या पाण्याची आठवण झाली असेल. ते दुखणे निराळे. गोव्याचे लोहखनिज बहुतांशी आधीच गंजलेले असते, त्यात गंधक अल्प. तेथील तांबडेपणा हा धुऊन आलेल्या मातीचा असतो आणि शेतात, ओहोळात तो गाळ म्हणून बसतो. खरे आंबट पाणी भारतात पाहावयाचे तर मेघालयाच्या जैंतिया डोंगरांत जावे लागेल. तेथील कोळशात गंधक फार. उंदराच्या बिळांसारख्या अरुंद बोगद्यांतून तो काढला जात असे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये ह्या रीतीवर बंदी घातली. पण तोवर खणलेले असंख्य खड्डे उघडेच राहिले, आणि आसपासच्या अनेक ओढ्यांत पीएचचा आकडा ४ च्याही खाली गेल्याचे आढळले. लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी होऊ लागली व तिच्यातील मासे मेले; त्याच्या कारणांत ह्या खाणींचे आम्ल गणले जाते. त्याच डोंगरांत चुनखडीच्या मोठ्या राशी आहेत, सिमेंटचे कारखानेही आहेत. ओढ्यांच्या पात्रात चुनखडी अंथरून पाहण्यासारखे उपाय त्यामुळे तेथे सहज सुचतात. मात्र व्हील जेनच्या पाण्याची तोंडे निदान मोजकी होती. येथे खड्डे हजारो, ते खासगी जमिनींत विखुरलेले, आणि कोणत्या खड्ड्याचे पाणी कोणत्या ओढ्यास मिळते याची नोंद करण्यापासूनच कामाला आरंभ करावयाचा आहे.