गाणं अमेरिकेचं, जतन जर्मनीचं

रॉक अँड रोल म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना एल्विस प्रेस्ली आठवतो आणि त्याच्या मागोमाग शम्मी कपूर. हे वारं मुंबईला पोचायला फार वेळ लागला नव्हता. १९५७ साली आपल्या सी. रामचंद्रांनी ‘आशा’ चित्रपटासाठी ‘ईना मीना डीका’ केलं. त्याच वर्षी अमेरिकेत जेरी ली लुईस नावाचा विशीतला पोरगा पियानो अक्षरशः बडवून, प्रसंगी टाचेने वाजवून, तरुणांना वेड लावत होता. हा लेख त्याच्याविषयी आहे. पण त्याहून जास्त त्याची गाणी गोळा करून, पुसून-झटकून पुन्हा लोकांपुढे ठेवणाऱ्यांविषयी आहे. त्यांतले बरेचसे अमेरिकेत नव्हे, इथे आपल्या जर्मनीत राहतात.

मी ब्रेमेनला राहतो. इथून उत्तरेला ब्रेमरहाफेनच्या बाजूला जाताना होल्स्टे नावाचं खेडं लागतं. सपाट कुरणं, गाई, विटांची घरं. १९७५ साली रिचर्ड वाइत्से या गृहस्थांनी ‘बेअर फॅमिली रेकॉर्ड्स’ नावाची कंपनी काढली आणि पुढे अनेक वर्षं तिचा कारभार या खेड्यातल्या एका जुन्या शेतघरातून चालला. काम एकच : जुन्या अमेरिकन गायकांची ध्वनिमुद्रणं शोधायची आणि ती शक्य तितकी संपूर्ण, शक्य तितकी मूळ स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध करायची. अमेरिकेतले संग्राहकसुद्धा आपल्याच गायकांचे संच या खेड्यातून मागवत. हे म्हणजे बालगंधर्वांची सगळी पदं ऐकायची तर पुणेकराने रेकॉर्ड टोकियोहून मागवण्यासारखं झालं!

कोण हा जेरी ली?

जन्म १९३५, लुईझियाना राज्यातलं फेरिडे हे छोटं गाव. घरचं वातावरण कडक धार्मिक. आईवडिलांनी बायबल शिकायला टेक्सासला पाठवलं, पण भजनालाही नाचरा ठेका लावल्यामुळे स्वारी तिथून परत आली, असं सांगतात. १९५६ च्या अखेरीस तो मेम्फिसच्या ‘सन रेकॉर्ड्स’मध्ये सॅम फिलिप्सकडे पोचला. ज्या छोट्या स्टुडिओत एल्विस पहिल्यांदा गायला, तोच हा स्टुडिओ. वर्षभरात जेरी लीचं नाव देशभर झालं.

मग मे १९५८ मध्ये लंडनचा दौरा आला. सोबत आलेली बायको अवघ्या तेरा वर्षांची आणि नात्यातली आहे, हे तिथल्या पत्रकारांनी शोधून काढलं. दौरा दोन-चार कार्यक्रमांतच गुंडाळावा लागला. अमेरिकेतही रेडिओने पाठ फिरवली. मोठी थिएटरं भरवणारा गायक लहानसहान क्लबांत गाऊ लागला. यात त्याच्यावर अन्याय झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीचा विचार आधी मनात येतो. पण माणसाचा हिशेब आणि त्याच्या गाण्याचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि जतन करणाऱ्याला दोन्ही प्रामाणिकपणे लिहाव्या लागतात. बेअर फॅमिलीच्या संचांसोबत मोठाली पुस्तकं येतात ती त्यासाठीच.

हॅम्बुर्गची एक रात्र

हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागात, ग्रोसे फ्रायहाइट या गल्लीत १९६२ ते १९६९ या काळात ‘स्टार-क्लब’ होता. बीटल्स त्याच्या उद्घाटनाला वाजवून गेले होते. ५ एप्रिल १९६४ रोजी जेरी ली तिथे आला. साथीला ‘नॅशव्हिल टीन्स’ हा वाद्यवृंद. नावात नॅशव्हिल, पण पोरं इंग्लंडमधल्या सरेची. फिलिप्स कंपनीच्या वतीने त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण केलं झिगी लोख या तेवीस वर्षांच्या तरुणाने. (याच लोख यांनी पुढे १९९२ साली ‘एसीटी’ ही जाझ संगीताची नावाजलेली कंपनी काढली.) माइक वाद्यांच्या अगदी जवळ लावलेले होते. त्यामुळे पियानोच्या पट्ट्या जणू आपल्या मांडीवर आहेत असं वाटतं. रेकॉर्ड जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांची, पण उतरणीला लागलेला एक माणूस सगळं पणाला लावून गातो आहे हे तीत स्पष्ट ऐकू येतं.

ही रेकॉर्ड युरोपात निघाली. अमेरिकेत मात्र करारांच्या गुंत्यामुळे ती वर्षानुवर्षं अधिकृतपणे निघालीच नाही. आज जाणकार तिला रॉक अँड रोलच्या सर्वोत्तम जिवंत मैफलींत गणतात. ती सीडीवर आणून हाताशी ठेवण्याचं काम पुढे बेअर फॅमिलीने केलं. क्लबाची इमारत आज नाही. उरली ती त्या रात्रीची टेप.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. ऐंशी ओलांडली आहे. दहा वर्षांची ओळख, तरी आम्ही एकमेकांना ‘हेर’ लावून आडनावानेच हाक मारतो, जर्मन शेजारधर्म. त्यांनी ही रेकॉर्ड १९६४ सालीच, शिकाऊ कामगाराच्या पगारातून घेतली. त्यांच्याकडे प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड आहे : कुठे घेतली, तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर कोणता क्रमांक कोरला आहे, साथीला कोण. मी एकदा विचारलं, गाणं ऐकायला हे सगळं कशाला हवं? ते म्हणाले, ऐकायला नको, पण माझ्यामागून ऐकणाऱ्याला हवं.

अठरा सीडींचा डबा

जेरी लीची सनमधली गाणी बेअर फॅमिलीने १९८९ मध्ये आठ सीडींच्या संचात काढली. २०१५ मध्ये तोच विषय पुन्हा घेऊन अठरा सीडींचा संच काढला. सहा-सात वर्षांच्या कारकिर्दीतून अठरा सीडी कुठून आल्या? तर त्यात एकाच गाण्याचे अनेक प्रयत्न आहेत. पहिला फसलेला, दुसऱ्यात ढोलवाला चुकलेला, तिसऱ्यात शब्द बदललेला, चौथा बाजारात आलेला. आपल्याकडे बालगंधर्वांना वन्समोअर मिळाला की तेच पद ते नव्या जागा घेत पुन्हा म्हणत. त्यातला प्रत्येक वन्समोअर कुणी टिपून ठेवला असता तर?

या टेपांवर गाण्याव्यतिरिक्तही खूप काही आहे. १९५७ मध्ये ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ मुद्रित होण्याआधी जेरी ली आणि सॅम फिलिप्स यांच्यात चक्क धर्मावर वाद झाला. आपण गातोय ते सैतानाचं संगीत, हे जेरी लीच्या मनाने घेतलं होतं आणि फिलिप्स त्याची समजूत घालत होते. टेप चालूच होती. म्हणून कडक धार्मिक घरातल्या एका मुलाची घालमेल आज आपल्याला त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. विक्रीच्या दृष्टीने ती टेप पुसून पुन्हा वापरणं शहाणपणाचं होतं. ती पुसली गेली नाही.

१९६९ मध्ये सन कंपनी विकली गेली आणि टेपांचे ढीग नॅशव्हिलला गेले. पुढच्या दशकात कॉलिन एस्कॉट आणि मार्टिन हॉकिन्स या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी सनचा इतिहास खणून पुस्तक लिहिलं. एल्विस, जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स आणि जेरी ली हे ४ डिसेंबर १९५६ रोजी सनमध्ये सहज जमले आणि गात बसले; ती मैफलसुद्धा रेकॉर्डरूपात पहिल्यांदा निघाली १९८१ साली, आणि तीही युरोपात.

पुनर्प्रकाशनाचं काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. आधी मूळ टेप कुणाकडे आहे ते शोधायचं. ती नसेल तर त्या गाण्याची सर्वांत कमी झिजलेली तबकडी मिळवायची. टेप योग्य वेगाने चालते का हे तपासायचं, कारण वेग किंचित वाढला तरी गायकाची पट्टी चढते. खरखर काढायची, पण इतकी नाही की आवाजातली धारही जावी. जुन्या नोंदवह्यांतून तारीख आणि साथीदार नक्की करायचे. मग हक्कांचा प्रश्न. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षं असे, २०१३ पासून तो सत्तर वर्षं झाला. पण १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणं तोवर खुली झालेली होती. त्यामुळे जुन्या रेकॉर्डवरून नक्कल करून स्वस्तात सीडी विकणारेही पुष्कळ आहेत. मूळ टेप मात्र तिच्या मालकाकडूनच मिळते. शंभरांच्या पटीत युरो देऊन संच घेणारे त्या टेपेसाठी आणि सोबतच्या पुस्तकासाठी देतात.

जर्मनीच का?

हा प्रश्न मला अनेक दिवस पडला होता. उत्तराचा एक भाग इथल्या इतिहासात आहे. युद्धानंतर अमेरिकन सैनिक इथे राहिले आणि त्यांच्यासाठी चालणारं ‘एएफएन’ रेडिओ केंद्र जर्मन मुलं चोरून-मारून ऐकू लागली. १ ऑक्टोबर १९५८ रोजी सैनिक एल्विस ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर उतरला आणि पुढे मार्च १९६० पर्यंत बाड नाउहाइमला राहिला. त्याच ऑक्टोबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये बिल हेलीच्या कार्यक्रमात पोरांनी खुर्च्या मोडल्या. वडीलधाऱ्यांना हे थेर वाटलं. युद्धाबद्दल घरात कुणी बोलत नसे, त्या मुलांना मात्र हे संगीत आपलं वाटलं. म्हातारपणी तीच मुलं संग्राहक झाली.

दुसरा भाग स्वभावाचा. संपूर्ण हवं, क्रमवार हवं, नोंदीसकट हवं. याच कंपनीने २०१३ मध्ये ‘ब्लॅक युरोप’ नावाचा संच काढला. १९२७ पूर्वी युरोपात कृष्णवर्णीय कलाकारांनी केलेली ध्वनिमुद्रणं त्यात आहेत. ४४ सीडी, प्रती फक्त ५००. त्यातून कुणाची माडी चढली असेल असं वाटत नाही.

आपल्या तबकड्या, याच मातीतल्या

या सगळ्याशी आपला संबंध काय, असं वाटत असेल तर ब्रेमेनहून रेल्वेने तासाभराच्या हॅनोव्हरला चला. ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर मूळचा हॅनोव्हरचा. १८९८ मध्ये त्याच्या कुटुंबाने तिथे तबकड्यांचा कारखाना काढला. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्गने कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, त्याच्या तबकड्या घडल्या त्या हॅनोव्हरलाच. कोलकात्याचा कारखाना सुरू होईपर्यंत, म्हणजे १९०८ पर्यंत, हिंदुस्थानी गाणं बोटीने इथे यायचं आणि तबकडी होऊन परत जायचं. त्या काळचे कलाकार गाण्याच्या शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगतात, ते इथल्या कारागिरांना कोणता साचा कुणाचा हे कळावं म्हणून, असं सांगतात.

आपल्या संगीत रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले. गाइसबर्ग आला त्याच्या पुढच्या वर्षी. भाऊरावांच्या आवाजाची वर्णनं पुष्कळ आहेत, आवाज नाही.

जे राहिलं त्याचे राखणदार आपल्याकडेही आहेत. मुंबईत १९९० मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम वर्षानुवर्षं केलं. ‘यंग इंडिया’ ही मुंबईची देशी कंपनी आणि ‘ओडियन’ ही मूळची बर्लिनची. या दोन्हींच्या तबकड्या त्यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून डिजिटल करून घेतल्या. जुन्या बाजारातून, माळ्यावरून, भंगारवाल्याकडून गोळा झालेल्या लाखेच्या तबकड्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं असतो, म्हणजे त्यांतला बराचसा ठेवा आता सगळ्यांचा आहे. उणीव आहे ती अठरा सीडींच्या डब्यासारख्या कामाची : एक गायक, त्याचं सगळं, तारखांसकट, सोबत एक नेटकं मराठी पुस्तक.

आपल्या घरचं काम

तेवढं मोठं काम आपल्यातले सगळेच करतील असं नाही. पण आपल्यातल्या अनेकांच्या कपाटात नव्वदीच्या दशकातल्या कॅसेट आहेत. फोन महाग होता तेव्हा घरून बोलकी पत्रं यायची. माझ्याकडे साताऱ्याहून आलेल्या अकरा आहेत. एकीवर फक्त ‘घर’ असं लिहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूला एक बाई ओव्या म्हणते. गेल्या हिवाळ्यात ती बाजू संगणकावर घेतली आणि शहाऐंशी वर्षांच्या काकूला फोनवरून ऐकवली. काकू ऐकत राहिली. मग म्हणाली, “अरे, ही तुझी थोरली आत्या. मधे खोकते बघ, तशीच खोकायची. आणि मागं वाजतोय तो आपला जुना पंखा.” हे सांगू शकणारं माणूस आमच्या घरात आता तेवढं एकच आहे.

म्हणून या दिवाळीत एवढं करावं. कॅसेट असतील तर त्या संगणकावर घ्याव्यात. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी, दाबून लहान केलेली नको. मधलं बोलणं, हसणं, भांड्यांचा आवाज कापू नये. प्रत्येक फाइलसोबत चार ओळी लिहाव्यात : आवाज कुणाचा, साल कोणतं, गाव कोणतं, हे कुणी ओळखलं. एक प्रत इथे ठेवावी, एक तिकडे भावंडांकडे. आणि ज्यांना आवाज ओळखता येतात त्यांना आधी फोन करावा, बाकीचं नंतर.