मिनिटभरात जागं होणारं रबर

बाराशे किलोची मोटार घ्या. टायरांत हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. भागाकार केला की चारही टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा निघते साधारण ५३० चौरस सेंटिमीटर. एकेका टायराच्या वाट्याला जेमतेम हाताच्या पंजाएवढी! वेग घेणं, ब्रेक लावणं, वळणं, सगळी भिस्त त्या चार पंजांवर. आणि चांगल्या टायरांवर हीच गाडी वळते तेव्हा तिला धरून ठेवणारा जोर तिच्या स्वतःच्या वजनाहून जास्त असू शकतो. शाळेत लाकडी ठोकळा ओढून शिकलेलं घर्षण इथे पुरं पडत नाही.

या पकडीची खरी कसोटी लागते ती अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये. आपल्याकडच्या ऑटोक्रॉसमध्ये बहुधा धूळ आणि माती असते. तिकडे मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या पटांगणावर प्लॅस्टिकचे शंकू मांडून वाट आखतात आणि गाड्या घड्याळाशी झुंजतात. शंकू पडला की २ सेकंदांचा दंड. ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकनला, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर भरते. फेरी साधारण मिनिटभराची आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेली. एवढ्या वेळात टायर अनेकदा पुरता तापतही नाही, आणि टायर निवडण्यातली सारी गोम इथेच आहे.

का, ते कार्ल ग्रॉश यांच्या १९६३ सालच्या संशोधनातून कळतं. त्यांनी रबराचे तुकडे कधी काचेवर, कधी सँडपेपरवर, वेगवेगळ्या तापमानांत ओढून पाहिले, तेही इतके सावकाश की घासण्याने रबर तापू नये. काचेवर रबराचे रेणू पृष्ठभागाला चिकटतात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा चिकटतात. खरखरीत पृष्ठभागावर आणखी एक गोष्ट घडते. दगडाची टोकं रबरात रुततात, रबर दबतं, पण पूर्ववत व्हायला वेळ लावतं, आणि त्या दिरंगाईत ऊर्जा खर्ची पडते. ती दिरंगाई हीसुद्धा पकडच! ग्रॉश यांनी सँडपेपरवर मॅग्नेशियाची पूड भुरभुरवली तेव्हा चिकटण्याचा वाटा गेला, रुतण्याचा राहिला. दोन्ही पकडी अशा वेगळ्या करून दाखवणारी ती चिमूटभर पूड मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

त्याहून विलक्षण म्हणजे रबराला वेग आणि थंडी यांतला फरक कळत नाही. चिक्कीचा पाक कोमट असताना हळू ओढला तर तार धरतो, झटका दिला तर तुटतो, आणि गार झाला की हळू ओढूनही तुटतो. रबराचंही तसंच. त्याला भराभर दाबलं तर ते थंड पडल्यासारखं ताठरतं. म्हणून रबराच्या प्रत्येक मिश्रणाची सर्वोत्तम पकड एका ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच मिळते.

आता निवड करा. इंडियानातल्या हूझियर कंपनीचे दोन स्पर्धा-टायर पाहा. आर७ लांबलचक ट्रॅकच्या शर्यतींसाठी, ए७ ऑटोक्रॉससाठी. ए७ पहिल्या काही वळणांतच कामाला लागतो, पण सलग वीस मिनिटं पिळला तर अति तापून ढिला पडतो. त्यातही गाडीचं वजन पाहावं लागतं. जड मस्टँग टायर लगेच तापवते, तर हलक्या मियाटाखाली तोच टायर फेरी संपेपर्यंत थंड राहू शकतो. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला टायर कोणता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. गाडी कोणती आणि सकाळी जमीन किती गार, हे आधी विचारायला हवं.

ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या टायरांच्या गटांत नियम आहे की टायरावरचा ‘ट्रेडवेअर’ आकडा किमान २०० हवा. हा आकडा झिजेचा, पकडीचा नव्हे. टेक्ससमध्ये सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या रस्त्यावर फेऱ्या मारून, एकूण सुमारे ११,५०० किलोमीटर चालवून, प्रमाण टायराशी झीज ताडून पाहतात. प्रमाण टायर १०० धरला तर २०० म्हणजे दुप्पट टिकाऊ. मात्र अखेरचा आकडा कंपनी स्वतः जाहीर करते. ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस, योकोहामाचा ए०५२, दोघांवरही २०० च. पण त्याच आकड्याच्या चौकटीत रसायनतज्ज्ञांनी असं मऊ रबर बसवलंय की ते पहिल्या मिनिटातच जमीन धरतं.

मैदानावर हे सगळं हाताने चाचपता येतं. टायराच्या खांद्यावर खडूची रेघ ओढतात. फेरीनंतर ती फार खालपर्यंत पुसली गेली तर टायर वळणात कलंडतोय, हवा वाढवायची. जरा कमीच पुसली गेली तर हवा सोडायची. एकच गाडी दोघे चालवत असतील तर पहिला थंड टायरांवर निघतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला तापलेले येतात. मग दोन फेऱ्यांच्या मधल्या चार-पाच मिनिटांत बागेतला फवारणी पंप घेऊन कुणीतरी चारही टायरांवर पाणी मारत धावत असतो. पाण्याची वाफ होताना रबरातली उष्णता जाते. पण दर वेळी तापून निवताना रबर थोडं थोडं कडक होत जातं, म्हणून जिंकायला आलेले स्पर्धक नक्षी शिल्लक असतानाच नवे टायर चढवतात.