कार्नेगीची ग्रंथालयं आणि होमस्टेडचा संप

मंडळी, अँड्र्यू कार्नेगीची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. गरीब मुलगा, पोलादसम्राट, मग दानशूर. यातली अडचणीची बाजूही आज बघू.

जन्म १८३५चा, स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिनचा. वडील हातमागावर विणायचे. वाफेचे माग आले आणि घरचा धंदा बसला. सोलापूरकडच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. १८४८ साली कुटुंब अमेरिकेत, पिट्सबर्गजवळ आलं. आई रात्री बूट शिवायची आणि हा पोरगा सूतगिरणीत कामाला लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर. शाळा सुटली ती सुटलीच. पण कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपली सुमारे ४०० पुस्तकं कामकरी मुलांना दर शनिवारी वाचायला देत. पुढे तिथे नियम आला, की करारबद्ध शिकाऊंनाच फुकट, बाकीच्यांनी वर्षाला २ डॉलर भरायचे. सतरा वर्षांच्या कार्नेगीने थेट वर्तमानपत्रात पत्र लिहिलं आणि नियम बदलून घेतला!

तारघर, रेल्वे, पोलाद हा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. १९०१ साली कंपनी विकली, ४८ कोटी डॉलरना. त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालयं उभी राहिली. अट मात्र व्यापाऱ्याची: जागा गावाने द्यायची आणि अनुदानाच्या १० टक्के रक्कम दरवर्षी करातून खर्चायची. म्हणजे १०,००० डॉलरच्या इमारतीसाठी वर्षाला १,०००. मला तर इमारतींपेक्षा ही अट मोठी वाटते. ग्रंथालय चालवणं ही त्यामुळे गावाचीच जबाबदारी झाली.

आता दुसरी बाजू. १८९२ साली होमस्टेडच्या कारखान्यात मजुरीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये, कारभार हेन्री फ्रिककडे. फ्रिकने पिंकर्टनचे खासगी शिपाई बोलावले, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. संघटना मोडली. पुढे कित्येक वर्षं पाळी बारा तासांचीच. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पुस्तक उघडणार कधी?

कार्नेगीचं म्हणणं होतं, की हाच पैसा थोडाथोडा मजुरांत वाटला तर खाण्यापिण्यात उडून जाईल. आईने सेंट-सेंट जोडून ज्याचं घर चालवलं, त्याने हे म्हणावं? मला तरी ते पटत नाही. काही गावांनी त्याचे पैसे नाकारले, त्यामागे कामगारांचा हा रागही होता.

होमस्टेडलाही त्याने १८९८ साली ग्रंथालय बांधलं, पोहण्याच्या तलावासकट. ते आजही चालू आहे.