एकशेवीस वर्षांची रांग

१९९४ च्या एप्रिल ते जुलै या जेमतेम शंभर दिवसांत रवांडात किमान आठ लाख माणसे मारली गेली. सरकारी मोजणी तर दहा लाखांच्या वर जाते. मेलेले बहुतेक अल्पसंख्य तुत्सी जमातीचे, मारणारे बहुसंख्य हुतू जमातीचे; पण कत्तलीला नकार देणारे हुतूही मारले गेले. कमीचा आकडा धरला तरी रोज आठ हजार, तेही सत्तरेक लाख वस्तीच्या देशात. मोठा भाग कोयत्यांनी आणि सोट्यांनी उरकला गेला, अनेकदा शेजाऱ्यांच्याच हातून. त्यामुळे मारणाऱ्यांची संख्याही लाखांत गेली. या लाखोंचे आता करायचे काय?

पहिले उत्तर तुरुंग. काही वर्षांत सुमारे १ लाख २० हजार लोक कोठडीत गेले. गितारामाचा तुरुंग काहीशे कैद्यांसाठी बांधलेला. १९९५ मध्ये त्यात सात हजारांच्या आसपास माणसे कोंबलेली होती. एका चौरस मीटरमध्ये चार जण. दिवसरात्र चिखलात उभे राहून पाय सडत, बोटे कापावी लागत. यातल्या बहुतेकांवर अजून आरोपपत्रसुद्धा नव्हते.

खटले चालवणार कोण? कत्तलीआधीच्या साडेसातशे न्यायाधीशांपैकी अडीचशेही उरले नव्हते. १९९६ च्या अखेरीस खटले सुरू झाले आणि दहा वर्षांत साधारण दहा हजार जणांचा निकाल लागला. म्हणजे वर्षाला हजार. या गतीने रांगेतल्या शेवटच्या आरोपीचा नंबर २११६ च्या सुमारास लागला असता.

तिकडे टांझानियातल्या अरुषा शहरात संयुक्त राष्ट्रांचे न्यायाधिकरण बसले होते. काही बड्या सूत्रधारांना त्याने शिक्षा केली: हंगामी पंतप्रधान जाँ कांबांदा यांना १९९८ मध्ये जन्मठेप झाली. पण २०१५ अखेर ते बंद झाले तेव्हा हिशोब होता ९३ आरोपी, ६२ शिक्षा, खर्च दोन अब्ज डॉलरच्या घरात. एका शिक्षेमागे तीन कोटी डॉलरहून अधिक.

मग रवांडाने गावकीचा जुना न्याय बाहेर काढला: गचाचा. २००२ मध्ये चाचणी, २००५ पासून देशभर. सुमारे बारा हजार न्यायालये आणि दीड लाखाहून जास्त पंच, सगळे गावाने निवडलेले, बिनपगारी. आठवड्यातला एक दिवस ठरलेला. दुकाने बंद, हजेरी सक्तीची. झाडाखाली बाकावर पंच, समोर गुलाबी कपड्यांतला कैदी आणि भोवती त्याला लहानपणापासून ओळखणारे गाव. गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी. पण प्रेते कुठे टाकली तेही सांगायचे. २०१२ च्या जूनमध्ये हे काम आटोपले तेव्हा निकाली खटले होते १९ लाख ५८ हजार. त्यांतले दोनतृतीयांश लुटालुटीचे आणि मालमत्तेचे असले, तरी उरलेले लाखो खटले खून-मारहाणीचे होते. एकूण खर्च सरकारी हिशोबाने पाचेक कोटी डॉलर. अरुषातल्या दोन शिक्षांनाही तो पुरला नसता.

असे आकडे पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण याच ताळेबंदात दोन शून्ये आहेत. गचाचात आरोपीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांची संख्या शून्य, कारण वकिलांना तिथे मनाईच होती. जुनी भांडणे उकरून दिलेली खोटी साक्ष, पंचांवरचा दबाव, लाच या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. दुसरे शून्य कत्तलीनंतर सत्तेवर आलेल्या आरपीएफ या बंडखोर संघटनेचे. तिच्या सैनिकांनीही १९९४ मध्ये हजारो नागरिक मारले, पण ते गुन्हे गचाचाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले.

आणि कबुल्याही पुऱ्या नव्हत्या. २०१८ मध्ये किगालीलगत घरांखाली सामूहिक कबरी सापडल्या, हजारो सांगाड्यांच्या. इतक्या सुनावण्या होऊनही त्या जागांबद्दल चोवीस वर्षे कुणी तोंड उघडले नव्हते.

पहिल्या शून्याबद्दल रवांडाला दोष देताना हात आखडतो. लाखो आरोपींना पुरतील एवढे वकील त्या देशात नव्हतेच. सदोष सुनावणी की सुनावणीच नाही, एवढाच पर्याय होता. दुसऱ्या शून्याला मात्र ही सबब चालत नाही. दीड लाख पंच गोळा करणाऱ्या देशाला आपल्या सैनिकांसाठी आणखी एक बाक मांडणे जड नव्हते. त्याच आरपीएफचे नेते, राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे २०२४ मध्ये ९९ टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आले. ज्या देशात विरोधी मत एक टक्काही उरत नाही, तिथे ते बाक मांडा म्हणणार कोण?