लिओनार्ड चेशायर : एका वैमानिकाची कारकीर्द

विमानदलातील एका पदकप्राप्त अधिकाऱ्याची कारकीर्द सांगावयास कामगार संघटनेतला माणूस कशाला हवा, अशी शंका काही श्रोत्यांना आली असेल. माझी शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तिथे युद्धाची पुस्तके वाचताना लिओनार्ड चेशायर या ब्रिटिश वैमानिकाची गोष्ट हाती लागली. तीत एक कारखाना होता आणि कारखान्यात रात्रपाळीचे कामगार होते. म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

चेशायर यांचा जन्म १९१७ सालचा. वडील ऑक्सफर्डचे नामांकित कायदेपंडित. मुलगाही तिथेच कायदा शिकला आणि विद्यापीठाच्या हवाई पथकात उड्डाण शिकला. १९४० साली तो बाँबफेक्या विमानांच्या पथकात दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, कोलोनच्या मोहिमेवर असताना, तोफेच्या माऱ्याने त्याच्या विमानाची एक बाजू फाटली आणि आत आग लागली. ते विमान त्याने सहकाऱ्यांसह परत आणले. त्याबद्दल डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर हे पदक मिळाले. हेच पदक त्याला पुढे आणखी दोनदा मिळाले.

पदकांपेक्षा मला त्यांची काम शिकण्याची रीत महत्त्वाची वाटते. विमानातील प्रत्येकाच्या जागी बसून ते त्याचे काम समजून घेत. डोळे बांधून हाताने चाचपत कळा ओळखण्याचा सराव करीत. जमिनीवरच्या फिटर-मेकॅनिकांना नावाने ओळखत. १९४२ साली त्यांच्याकडे ७६ क्रमांकाच्या पथकाचे प्रमुखपद आले. पथकातील हॅलिफॅक्स विमाने मोठ्या संख्येने पडत होती. ती जड होती, मंद होती. चेशायर यांनी पुढचा व पाठीवरचा तोफबुरूज आणि धुराच्या नळ्यांवरची झाकणे काढून टाकावयास लावली. विमाने हलकी झाली, वेग वाढला.

मी एका कारखान्यात होतो तेव्हा प्रेसचे संरक्षक झाकण काढून ठेवलेले असे, कारण ते लावले की माल कमी निघे. माझ्या शेजारच्या सोबत्याची दोन बोटे गेली. चौकशीस आलेल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो, प्रेस कोणत्या बाजूने चालवतात, हा. तिकडे झाकणे काढली ती माणसे जगावीत म्हणून. इकडे काढली ती माल निघावा म्हणून. यंत्राजवळ कोण उभे राहिले होते, एवढाच काय तो फरक.

१९४३ साली चेशायर ग्रुप कॅप्टन झाले. वय पंचवीस. त्यांना प्रशिक्षण केंद्राचा कारभार मिळाला, पण टेबलाशी त्यांचे मन रमेना. एक दर्जा खाली उतरून, विंग कमांडर म्हणून, त्यांनी ६१७ क्रमांकाच्या प्रसिद्ध पथकाचे नेतृत्व पत्करले.

त्या वेळी अडचण काय होती ती समजून घेतली पाहिजे. रात्रीच्या अंधारात, हजारो फूट उंचीवरून टाकलेला बाँब कुठे पडेल याचा नेम नसे. १९४१ च्या एका सरकारी पाहणीत आढळले की, लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद करणाऱ्या विमानांपैकी एक-तृतीयांशच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. उरलेले बाँब शेतांत पडत, नाही तर लोकवस्तीवर. चेशायर यांचा उपाय असा, की एका विमानाने अगदी खाली जाऊन नेमक्या जागी पेटत्या खुणा टाकाव्यात आणि वरच्या विमानांनी त्या खुणांवर नेम धरावा. खाली जाणाऱ्याच्या जिवाला धोका अधिक, म्हणून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

८ फेब्रुवारी १९४४ ची रात्र. जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये लिमोझ येथे विमानांची इंजिने बनविणारा कारखाना होता. आत शेकडो फ्रेंच कामगार होते, त्यांत बहुतेक स्त्रिया. बारा लँकेस्टर विमाने निघाली. चेशायर कारखान्याच्या छपरावरून अगदी खालून, खुणा न टाकता, तीन वेळा गेले. आतल्यांना इशारा कळला. ते बाहेर धावले, आश्रयाला गेले. मग खुणा पडल्या, मग बाँब. कारखाना निकामी झाला. शेजारची वस्ती बहुतांशी वाचली.

आम्ही भोंग्याच्या हुकमावर जगलेली माणसे. भोंगा वाजतो तो कामावर बोलावण्यासाठी. येथे मात्र शत्रूच्या कारखान्यातील कामगाराला कोणी तरी सांगितले, की बाई, बाहेर जा.

मात्र यावरून युद्ध सोवळे ठरत नाही. त्या कारखान्यावर तोफांचा पहारा फारसा नव्हता, आणि कामगार मित्रराष्ट्राचे होते. जर्मन शहरांवरील मोहिमांत असा इशारा नव्हता, आणि त्या मोहिमांतही चेशायर होते. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. एका रात्रीच्या पराक्रमासाठी नव्हे, तर चार वर्षांत शंभर मोहिमा पार पाडल्याबद्दल.

९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. ब्रिटनचे निरीक्षक म्हणून चेशायर एका विमानात होते. ठरलेल्या जागी विमानांची गाठ पडली नाही, म्हणून तो ढग त्यांनी दूरवरून पाहिला. त्या ढगाखाली मित्सुबिशीचे कारखाने होते, कामगार होते, त्यांची घरे होती. तेथे खालून तीन फेऱ्या कोणी मारल्या नव्हत्या. या बाँबमुळे युद्ध संपले असे चेशायर यांचे मत होते, आणि अशा अस्त्रांच्या धाकाचे त्यांनी पुढेही समर्थन केले. माझे मत निराळे आहे. ते मी लपवीत नाही.

१९४६ साली ते विमानदलातून निवृत्त झाले. माजी सैनिकांची सहकारी वसाहत काढली, ती मोडली. हाती उरले हँपशायरमधील ले कोर्ट हे मोठे घर आणि कर्ज. १९४८ साली वसाहतीतील एका जुन्या माणसाला कर्करोगाने गाठले. इस्पितळाला त्याच्यासाठी काही करता येण्यासारखे उरले नव्हते. चेशायर यांनी त्याला घरी आणले, स्वतः त्याची शुश्रूषा केली, अंथरूण धुतले. तो गेला तोवर दुसरे रुग्ण दारात आले होते. यातून अपंगांसाठी चेशायर होम्स उभी राहिली. ब्रिटनबाहेरचे पहिले घर आपल्या मुंबईत, अंधेरीस निघाले. मुंबईतच, ५ एप्रिल १९५९ रोजी, सेवाकार्यातील सहकारी स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी डेहराडूनला कुष्ठरोग्यांसाठी दोघांनी राफेल ही संस्था काढली. १९९२ साली चेशायर वारले.

वैमानिक आणि शुश्रूषक अशी दोन माणसे यात नाहीत, असे मला वाटते. ज्याच्यावर आपल्या निर्णयाचा परिणाम होणार, त्याच्या जवळ जाऊन त्याला पाहावे, हा एकच गुण दोन्हीकडे आहे. लिमोझला तो दिसतो, अंथरुणाशी दिसतो. उंचावरून पाहिले तेव्हा त्यांच्या हातूनही तो सुटला. आपल्या गावात कारखाना बंद करण्याचा, वस्ती हलविण्याचा, कामगार कमी करण्याचा हुकूम ज्यांच्या सहीने निघतो, त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा तरी खाली उतरून यावे, एवढी मागणी या चरित्राच्या आधाराने मी करतो.