लंगडी घालणारे कुत्रे

पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा चिमुकल्या जातींची कुत्री आज पुष्कळ घरांतून दिसतात. त्यांपैकी एखादे धावता धावता अकस्मात मागचा एक पाय उचलते, तीन पायांवर दोनचार उड्या मारते, उचललेला पाय मागे झटकते आणि पुन्हा पूर्ववत धावू लागते. मुलांना तो लंगडीचा खेळ वाटतो. मोठी माणसेही हसून सोडून देतात. वस्तुतः त्या क्षणी त्या मुक्या जिवाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकलेली असते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी विहिरीवरील कप्पी डोळ्यांसमोर आणावी. कप्पीला खाच असते व दोर त्या खाचेतून सरकतो. मांडीच्या पुढील बाजूचे बळकट स्नायू हा ओढणारा हात, त्यांची कंडरा हा दोर, आणि मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असलेली खोबण ही कप्पीची खाच होय. गुडघ्याची वाटी म्हणजे त्या दोरातच गुंफलेले एक छोटे हाड. दोराचे खालचे टोक नडगीच्या पुढील उंचवट्याला बांधलेले असते. स्नायू, खोबण आणि उंचवटा ही तिन्ही एका रेषेत असतात तोवर वाटी बिनतक्रार वरखाली होते. रेषा बिघडली की दोर खाचेबाहेर पडतो. लहान जातींत तो बहुधा आतल्या अंगाला पडतो. पाय मागे ताणला असता वाटी पुष्कळदा जागेवर परतते. त्या झटक्याचा अर्थ हाच.

ही रेषा बिघडते ती सामान्यतः अपघाताने नव्हे. दोष आनुवंशिक असतो आणि पिल्लाच्या वाढीबरोबर वाढतो. वाटीचा दाब पडत राहिला तरच खोबण खोल होते. वाटी बाहेर राहिली तर खोबण उथळ राहते आणि उथळ खोबणीतून वाटी अधिकच सहज निसटते. शिवाय स्नायूंची ओढ तिरपी झाल्यामुळे कोवळ्या हाडांची वाढही विषम होते. मांडीचे हाड धनुष्यासारखे वाकते, नडगीला पीळ पडतो. हे सारे पहिल्या वर्षाच्या आतच घडून जाते.

पशुवैद्य या विकाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत बोटाने ढकलल्यास वाटी सरकते व सोडताच परतते. दुसरीत ती मधूनमधून आपोआप सरकते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसविता येते. चौथीत ती कायमची बाहेर असून हाताने बसतच नाही. पहिल्या पायरीवर बहुधा वजन आटोक्यात ठेवणे आणि वेळोवेळी तपासणी करणे एवढे पुरते. पुढच्या पायऱ्यांवर मात्र वाटी घासून कूर्चा झिजते व सांध्यातील अस्थिबंधांवर ताण पडतो. अशा वेळी शस्त्रक्रियेने खोबण खोल करतात, नडगीचा उंचवटा कापून योग्य रेषेत बसवितात, आणि वाकडेपणा फार असेल तर मांडीचे हाडही कापून सरळ करतात.

घरगुती उपायांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तेल चोळून वा पट्टी बांधून बिघडलेली रेषा सरळ होत नाही. हाडे कच्ची आहेत अशा समजुतीने कॅल्शियमची पूड चारणेही व्यर्थ, कारण दोष कच्चेपणाचा नाही, घडणीचा आहे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषवत ठरते.

आता मूळ प्रश्न. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सहून लहान चणीचे पॉमेरेनियन आणले आणि लहानपणाची आवड वाढीला लागली. एकेकाळी बरेच थोर असलेले हे कुत्रे आज प्रदर्शनांत दोन-तीन किलोंचे असते. आकार लहान असणे हा काही अपराध नव्हे. परंतु आकार आणि रूप पाहून जोड्या लावायच्या व गुडघे पाहायचे नाहीत, हा मनुष्याचा दोष आहे आणि त्याचे प्रायश्चित्त पिल्लाला भोगावे लागते. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था वर्षाच्या पुढील कुत्र्यांच्या गुडघ्यांची नोंद ठेवते. अशी तपासणी महाग नाही. त्यासाठी क्ष-किरणांचीही गरज नसते, जाणत्या पशुवैद्याची बोटे पुरतात.

म्हणून पिल्लू घेताना त्याच्या आईबापांचे गुडघे तपासले आहेत काय, हे निःसंकोच विचारावे. घरचे कुत्रे लंगडी घालीत असेल तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे, आणि वाटी सरकत असल्याचे निष्पन्न झाल्यास, ते कितीही देखणे असो, त्याची वीण घेऊ नये.